तेच परत

माझ्या धाकट्या बहिणीनं एकसष्टाव्या वर्षी लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. नवरदेव सदुसष्टचा, घड्याळं दुरुस्त करणारा. लग्न रविवारी होतं आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी माझ्या सुनेच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी लग्नाला गेले नाही. बहीण फोनवर म्हणाली, "राहू दे गं. माझी लग्नं काय, होतच राहतील."

सुनेच्या डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. डॉक्टरांनी तो चिकटवला आणि डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला. त्या बुडबुड्यानं पडदा दाबून धरायचा, म्हणून वीस दिवस मान खाली ठेवायची. बसताना, झोपताना, जेवताना, कायम. तासाला दहा मिनिटं सूट. डावा डोळा लहानपणापासून नावापुरता, त्याला उजेड कळायचा आणि समोर माणूस आहे एवढं कळायचं. माझा मुलगा जहाजावर इंजिन सांभाळतो. तो घरी यायला अजून दीड महिना होता. घरात आम्ही दोघीच.

खिडकीजवळच्या टेबलावर मी दोन उशा ठेवल्या, मध्ये वीतभर फट. ती खुर्चीत बसून कपाळ आणि गाल उशांवर टेकवायची आणि त्या फटीतून टेबलाशी बोलायची. मला दिसायची ती तिची मान, तिच्यावरचा तीळ आणि मी घातलेली वेणी. वीस दिवस मी त्या मानेशी बोलले. मान हलली की समजायचं, रागावली. हलली नाही की विचार करतेय.

तिचं काम कॉम्प्युटरच्या पोटातलं. कॉम्प्युटरमध्ये कर्नेल म्हणून एक भाग असतो. तो बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांना जागा देतो, पाळी देतो, आणि एखादा मेला की त्याची आवराआवर करतो. वरचा एखादा प्रोग्राम चुकला तर तो एकटा पडतो. कर्नेलमध्ये चूक झाली की सगळं मशीनच बसतं. सून त्या पोटातलं लिहायची. तिच्या कंपनीनं एक औषध देणारं मशीन बनवलं होतं. सुईवाटे थेंब थेंब औषध शरीरात सोडायचं, तासाला किती ते सिस्टरनं बटणावर सांगायचं. त्याची मोटर फिरवणारा कर्नेलमधला भाग, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तो हिनं लिहिलेला.

अशी अकरा मशीनं एका हॉस्पिटलच्या वॉर्डात चाचणीसाठी लावली होती. दोन महिन्यांत ती तीनदा मधेच बसली. मोटर थांबली, स्क्रीन गोठला. एक लाल दिवा तेवढा लागला, पण आवाज नाही, कारण आवाज करणारा प्रोग्रामही त्याच पोटात. तिन्ही वेळा सिस्टरांचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. मशीन बंद करून चालू केलं की ये रे माझ्या मागल्या, जसं काही झालंच नाही. रक्तदाब टिकवणारं औषध त्यातून जात असलं आणि थेंब थांबले, तर दहा-पंधरा मिनिटांत माणूस खचतो. हे तिनंच मला सांगितलं होतं.

तिनं साहेबांना म्हटलं होतं, मशीनं काढून घ्या. साहेब म्हणाले, "तीनदा बसलं म्हणून अकरा मशीनं काढली तर परत कोण लावून घेईल? चूक काय ते दाखव, त्याच दिवशी काढतो." दर पंधरा मिनिटांनी सिस्टरनं मशीन बघून जायचं असं ठरलं. नेमकं त्याच आठवड्यात हिच्या डोळ्यापुढे काळा पडदा आला.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी उशांच्या फटीतून आवाज आला. "आई, तुम्ही मला वाचून दाखवाल?"

"काय? पेपर?"

"माझं काम."

मी हसले. मला आपली अक्षरं सत्तेचाळिसाव्या वर्षी आली, हॉस्पिटलच्या धोबीखात्यात इस्त्री करणाऱ्या एका बाईकडून. तोवर मी चादरींच्या कोपऱ्यातल्या रंगीत दोऱ्यांवरून वॉर्ड ओळखायचे. मग वह्या आल्या आणि ज्याला वाचता येत नाही त्याला घरी बसवणार असं ऐकलं, म्हणून शिकले. इंग्रजी अक्षरं या सुनेनंच शिकवली, मोबाईल वापरता यावा म्हणून. शब्द मला कळत नव्हते, अक्षरं तेवढी यायची.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच. जोडीदाराला सांगितलं तर तो वाचत नाही, ओळखतो. काय लिहिलं असेल ते आधी ठरवतो आणि तेच त्याला दिसतं. तुम्ही जे आहे तेच वाचाल."

तो जोडीदार तिच्या ऑफिसातला. वागायला चांगला, पण घाईचा. सून त्याला तट्टू म्हणायची, तोंडावरसुद्धा. कॉम्प्युटरला मोठ्यानं वाचायला लावूनही आम्ही पाहिलं. पण त्यातली बाई एका दमात कंस, स्वल्पविराम, आकडे म्हणत सुटायची आणि मधेच एखाद्या आकड्याचे लाख-कोटी करून टाकायची.

तेव्हा मी वाचायला बसले. तिच्या ड्रायव्हरची फाईल चौदाशे ओळींची. मी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर म्हणायचे. चिन्हांची नावं मला येत नव्हती, म्हणून मी माझी ठेवली. गुणाकाराच्या खुणेला चांदणी, रेघेपुढे टोक असेल तर बाण, वळणदार कंसाला मिशी. "मिशी उघडली. सी यू आर आर ई एन टी. बाण. पी आय डी. मिशी मिटली." तट्टू फोनवर ऐकत असला की म्हणायचा, "काकू, आमच्या कॉलेजात हे असं शिकवलं असतं तर मी पहिला आलो असतो."

"तू कशानंही आला नसतास," उशांमधून उत्तर.

चार-पाच दिवसांत मी विचारलं, "ही चांदणी सारखी येते. कशासाठी?"

"तो पॉइंटर. म्हणजे पत्ता. वस्तू नाही, वस्तू कुठे ठेवलीय त्याचा पत्ता."

"म्हणजे बिल्ला," मी म्हटलं.

धोबीखात्यात पेशंटचे घरचे कपडे आमच्याकडे यायचे. धुऊन, बोचकं बांधून हुकाला अडकवायचं आणि त्या हुकाचा पितळी बिल्ला पेशंटला द्यायचा. बरा झाला की बिल्ला आणतो, कपडे नेतो, हूक मोकळा. मग त्याच हुकाला दुसऱ्याचं बोचकं. कुणाच्या खिशात जुना बिल्ला राहिला आणि तो पुन्हा आला, तर त्याला दुसऱ्याचे कपडे मिळणार. एकदा एका पैलवानाला बाळंतिणीचा गाऊन गेला होता. तो मुकाट्यानं घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन भांडायला आला.

सून हसली आणि मी ओरडले, "डोकं हलवू नकोस."

"आणि एकाच बोचक्यावर दोघांचा हक्क असला तर, आई?"

"तर हुकाशेजारी खडूनं दोन रेघा. एक येऊन गेला की एक रेघ पुसायची. शेवटची पुसली की हूक मोकळा."

तिची मान हलली नाही. मग म्हणाली, "कर्नेलमध्ये अगदी हेच आहे. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात. प्रत्येक प्रोसेसची आत एक नोंद असते, आणि नोंदीला रेघा. मात्रा सांगणारी प्रोसेस माझ्या ड्रायव्हरचं दार उघडते तेव्हा मी तिच्या नोंदीचा पत्ता धरून ठेवते, कारण औषध संपत आलं की मला तिला उठवायचं असतं. पत्ता धरला म्हणून माझी एक रेघ मारते. दार लावलं की पुसते. पण कुणीतरी रेघा जास्त पुसतंय. हूक मोकळा होतो, तिथे दुसऱ्याचं बोचकं येतं, आणि मी जुना बिल्ला घेऊन तिथे हात घालते. तिथे मशीन बसतं."

"कोण पुसतंय?"

"तेच तर शोधायचंय. ते दाखवलं की साहेब मशीनं काढतील."

त्या दिवसापासून हे काम मला परकं वाटलं नाही. तिला डोळ्यात थेंब घालायचे, नळीनं पेज-सरबत पाजायचं, पाठ रगडायची आणि मग वाचायला बसायचं. बोट ठेवून वाचता वाचता माझा वेग वाढला. करंट, काउंट, क्लोज असे शब्द मला अक्षर न लावता समजायला लागले. मला त्याचा फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर वाचणाऱ्यांची तोंडं बघत आले होते. त्यांची नजर ओळीवरून कशी सरकत जाते, बोट लागत नाही, ओठ हलत नाहीत. आता माझीही तशी सरकायला लागली होती.

ऑपरेशन होण्याआधी सुनेनं ड्रायव्हरमध्ये काही ओळी घातल्या होत्या. दार उघडलं की एक ओळ छापायची, लावलं की एक. ओळीत वेळ, काय झालं ते, नोंदीचा पत्ता आणि शेवटी हे करणाऱ्या प्रोसेसचा नंबर, म्हणजे पी आय डी. पुन्हा मशीन बसलं तर या ओळींवरून कळावं म्हणून. वाचायला लागून आठ दिवस झाले आणि सोमवारी सहाव्या खाटेचं मशीन बसलं. सिस्टर खाटेशीच उभ्या होत्या, त्यांनी लगेच चालू केलं. मंगळवारी सकाळी त्याची लॉगची फाईल, म्हणजे मशीननं छापलेल्या त्या ओळी, आमच्याकडे आली. साडेसहाशे ओळी.

"यात आहे," सून म्हणाली. "आता सापडलं नाही तर कधीच नाही."

नऊ वाजता सुरुवात केली. तट्टू फोनवर होता. बाराच्या सुमाराला माझा घसा बसला. अर्ध्याहून जास्त झालं होतं. तट्टू म्हणाला, "काकू, जरा गिअर बदला. मला एकला मीटिंग आहे."

"त्यांना वाचू दे त्यांच्या पद्धतीनं," सून म्हणाली.

"अगं, त्या आता माझ्यापेक्षा फास्ट वाचतात. उगाच पहिल्या गिअरमध्ये ठेवलंयस त्यांना."

मला बरं वाटलं. मी पाणी प्यायले आणि पुढे वाचायला घेतलं. दार उघडल्याची ओळ आली. ती मी नीट वाचली, पत्ता अक्षरं-आकड्यांसकट, नंबर दोनशे बारा. मधे इतर काहीबाही चाळीसेक ओळी. मग दार लावल्याची ओळ.

"क्लोज," मी म्हटलं. "सी तीन शून्य ए चार ई आठ शून्य. पत्ता तोच आहे मघाचा. तेच परत."

"तेच?"

"हो. आणि खाली थोड्या थोड्या ओळी सोडून अजून दोनदा. तेच परत, तेच परत."

मग ती म्हणाली, "उघडलं एकदा आणि लावलं तीनदा? एकाच प्रोसेसनं?"

तट्टू फोनवर उडालाच. "मात्रावाला प्रोग्राम! मी म्हणत होतो ना, तो कसा लिहिलाय ते बघ. कुठेतरी एकच दार पुन्हा पुन्हा लावत बसलाय. मीटिंग गेली खड्ड्यात, मी तोच उघडतो."

"बघ. माझा विश्वास बसत नाहीये, पण बघ."

मी उरलेल्या ओळी वाचल्या आणि उठून वरण-भाताला लागले. मनात म्हटलं, लागलं आपलं वाचणं उपयोगी.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मात्रावाला प्रोग्राम सहा हजार ओळींचा, दुसऱ्याच कुणी लिहिलेला. तट्टू ऑफिसात वाचत होता, मी घरी वाचत होते. दार तीनदा लावणारी जागा सापडेना. सून खाईनाशी झाली. मधेच म्हणायची, "असं कसं होईल? एकदा लावल्यावर दुसऱ्यांदा लावायला तिच्या हातात काही राहतच नाही." मी म्हणायचे, "मी वाचलंय ना. तीनदा आहे." बहिणीचा फोन आला. म्हणाली, नवरा सकाळी उठून आधी घरातली चौदा घड्याळं लावतो आणि मग चहा मागतो. मी तिला म्हटलं, नंतर बोलते, आम्ही कामात आहोत. "आम्ही" म्हटलं. ती म्हणाली, "बाई बाई, मोठी ऑफिसर झालीस."

शुक्रवारी सुनेनं साहेबांना फोन करायला सांगितला. मी तो तिच्या कानाशी धरला. ती म्हणाली, "सर, दार तीनदा लावलं जातंय एवढं नक्की झालंय. कारण मिळालं नाही. पण एवढ्यावर मशीनं काढा."

साहेब म्हणाले, "एवढ्यावर मी हॉस्पिटलला काय सांगू? सोमवारपर्यंत कारण दे."

रविवारी सकाळी तट्टू घरी आला. फोन न करता. बूट न काढताच दारात उभा राहिला, तेव्हाच मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"कोण आहे, आई?"

"मी आहे," तो म्हणाला. आवाज नेहमीचा थट्टेचा नव्हता.

"कुठली खाट?" तिनं विचारलं.

"एकोणीस. काल दुपारी. दोन बावन्नला मशीन बसलं. वॉर्डात त्याच वेळी दोन नवीन पेशंट आणले होते, सगळ्या तिकडे होत्या. तीन वाजून चार मिनिटांनी सिस्टरना दिवा दिसला. डॉक्टर म्हणतात, तब्येत आधीपासूनच खालावलेली होती. तसंही फार दिवस—"

"डॉक्टर काय म्हणतात ते नंतर सांग. लॉग आणलास?"

त्यानं खिशातून पेनड्राईव्ह काढला. मी कॉम्प्युटरपुढे बसले. त्यानं बूट काढले आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. घाई करा असं तो म्हणाला नाही.

मी बोट ठेवलं. पहिल्या दिवशी ठेवायचे तसं, प्रत्येक अक्षराखाली. सव्वा तास वाचलं. उघडल्याची ओळ आली. पत्ता वाचला, नंबर वाचला. "एक. नऊ. आठ." पुढे गेले. मग दार लावल्याची ओळ.

"क्लोज. सी. तीन. शून्य. सात. डी. एक. चार. शून्य. पी आय डी. दोन. दोन. सहा."

"थांबा," सून म्हणाली. "नंबर परत वाचा."

"दोन दोन सहा."

"उघडणारीचा?"

"एक नऊ आठ."

तिची मान अजिबात हलली नाही. तट्टू मागून हळूच म्हणाला, "ही ती नाहीच."

"पुढची क्लोज वाचा, आई."

पत्ता तोच. नंबर दोनशे एकतीस. त्याच्या पुढचीचा दोनशे चव्वेचाळीस. तीन ओळी, तीन वेगळे नंबर, आणि त्यातला एकही दार उघडणारीचा नव्हता.

मग तिनं जे सांगितलं ते मला पुरतं समजलं. सिस्टर मात्रा बदलते तेव्हा मात्रावाली प्रोसेस त्याची नोंद लिहिण्यापुरतं एक लेकरू जन्माला घालते. लेकराकडे आईच्या सगळ्या उघड्या दारांची किल्ली आपोआप येते. लिहून झालं की लेकरू मरतं, आणि मरताना दार लावून जातं. आई जिवंत असते, दार आईसाठी उघडंच असतं. पण ड्रायव्हरमध्ये रेघ पुसायच्या दोन ओळी होत्या, त्या कुणीही दार लावलं तरी चालायच्या, शेवटच्यानं लावलं तरच असं नाही. माणूस खाटेवरच आहे आणि त्याला भेटायला आलेला प्रत्येक जण जाताना त्याची एकेक रेघ पुसून जातोय, तसं. नोंदीला रेघा तीनच, दोन कर्नेलच्या आणि एक सुनेची, म्हणून तिसऱ्या खेपेला हूक मोकळा.

"म्हणून तर रोज बसत नव्हतं," ती टेबलाशी बोलत होती. "पेशंट बदलला की मशीन बंद करून चालू करतात. एकाच माणसाची मात्रा तीनदा बदलावी लागली तरच. म्हणजे ज्याची तब्येत सारखी वरखाली होतेय त्याचीच." मग म्हणाली, "आई, मंगळवारची फाईल काढा."

मी काढली. वाचायच्या आधीच मला दिसलं. इतकी वर्षं ज्याचा हेवा केला ती नजर आता मला होती, एका क्षणात ओळभर फिरणारी.

"वाचा."

"उघडल्याची, दोन एक दोन," मी म्हटलं. "क्लोज, दोन तीन एक. क्लोज, दोन चार शून्य. क्लोज, दोन चार सात."

"तुम्ही तेच परत म्हणाला होता."

"म्हटलं होतं. पत्ता तोच होता. पुढचं मी बघितलं नाही."

शितावरून भाताची परीक्षा. चार दाणे चेपून बघितले आणि भांडं उतरवलं. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. उशांच्या फटीतून खाली टेबलावर टप टप थेंब पडल्याचा आवाज आला. डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी फडकं घेऊन गेले, तर तिनं हातानं मला थांबवलं.

"चूक माझी आहे, आई. त्या दोन ओळी मी लिहिल्या. तुम्ही नाही."

"पण मंगळवारी कळलं असतं."

"हो. मंगळवारी कळलं असतं." थोड्या वेळानं ती म्हणाली, "तट्टूनं वाचलं असतं तर मी परत वाचायला लावलं असतं. तुमचं मी तपासलं नाही."

तट्टू खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्यानंही ती फाईल ऑफिसात उघडली होती, असं तो नंतर म्हणाला. त्यालाही तीन सारख्या ओळी दिसल्या होत्या, कारण त्या सारख्या आहेत असं त्यानं आधी माझ्या तोंडून ऐकलं होतं.

दोन ओळी उचलून सत्तर ओळी खाली, शेवटचं दार लागतं तिथे ठेवायच्या होत्या. तिनं सांगितलं आणि मी टाईप केलं. अकरा मिनिटं लागली. तट्टूनं चाचणी केली, पन्नास वेळा मात्रा बदलली, मशीन बसलं नाही. साहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि दुपारी चारच्या आत मशीनं वॉर्डातून काढली. शब्द दिल्याप्रमाणे, त्याच दिवशी.

संध्याकाळी हॉस्पिटलला द्यायचा अहवाल तिनं तोंडी सांगितला. मी टाईप करत गेले. चूक काय, कुठे, कशी सापडली. शेवटी तारीख. ती म्हणाली, "झालं. साहेबांना पाठवा." तिला स्क्रीन दिसत नव्हता. मी एक ओळ माझी घातली. सोमवारच्या बिघाडाचा लॉग मंगळवारी वाचला गेला, तेव्हा वाचणाऱ्या व्यक्तीनं प्रोसेसचे नंबर वाचले नाहीत. लिहिलं आणि पाठवलं.

वीस दिवस संपल्यावर तिनं मान वर केली. पडदा चिकटला होता. आधीइतकं नाही, पण वाचता येतं. तिनं पाठवलेला अहवाल स्वतः वाचला. माझी ओळ तिला दिसली असणार. मी विचारलं नाही. मुलगा जहाजावरून आला तेव्हा त्याला आम्ही दोघींनी मिळून सांगितलं, पण सांगताना एकमेकींकडे बघितलं नाही. हॉस्पिटलकडून छापील प्रत आली तिच्यात ती ओळ नव्हती. साहेबांनी काढली असं तट्टू म्हणाला. त्यात फक्त खाट क्रमांक एकोणीस असं लिहिलं होतं आणि बिघाडाची वेळ होती.

त्या खाटेवरचे ते कोण होते हे मी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांना फोन करून विचारलं. आधी सांगेनात. मी धोबीखात्यातली जुनी बाई आहे म्हटल्यावर म्हणाल्या, सांगते, पण मला विचारलंत असं कुणाला कळू देऊ नका. नाव सांगितलं नाही, बाकीचं सांगितलं. शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. बायको होती, दोन मुली होत्या. शनिवारी सकाळपासून मात्रा तीनदा बदलावी लागली, तिसऱ्यांदा अडीच वाजता. ते वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्या शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी वारले, मी मंगळवारी वाचलं त्यानंतर चौथ्या दिवशी.